पाणी मारलेलं मैदान

मराठवाड्यात जाऊन आले म्हटलं की सांगलीत पहिला प्रश्न ठरलेला. वेरूळ पाहिलंत का? दुसरा, अजिंठा तरी? दोन्हींना मी नाही म्हणते आणि समोरच्याचा चेहरा इतका पडतो, की मलाच त्याची समजूत काढावी लागते. लेणी कुठं पळून जात नाहीत, पुढच्या वेळी बघीन. खरं सांगायचं तर पुढच्या वेळी जाईन असं आता वाटत नाही. गुडघे कुरकुर करतात आणि मन त्याहून जास्त.

मी गेले होते दोन मैदानं बघायला. मुंबईची एक संस्था आहे, ती खेडोपाडीच्या खेळाडूंच्या मागे उभी राहते. एक संघ निवडायचा आणि तीन वर्षं त्याचा सगळा भार उचलायचा: शिक्षकाचा पगार, बूट, कपडे, स्पर्धांचा प्रवास. मी तरुणपणी खो-खो खेळले, मग जन्मभर शाळेत खेळ शिकवला आणि निवृत्त झाल्यावर ‘अनुभवी’ या सदरात जमा झाले. म्हणून मला धाडतात. सोबत संस्थेचा समीर होता. तिशीच्या आतला, शांत, सभ्य, कामाला चोख. मला माणसांवर चिडायची सवय आहे, पण या मुलानं ती संधीच कधी दिली नाही.

शेवटच्या फेरीत दोन संघ उरले होते. पाचोडच्या मुलांचा कबड्डीचा आणि पिशोरच्या पलीकडच्या एका गावातल्या मुलींचा खो-खोचा. दोन्हींतला एकच घ्यायचा होता. पिशोरपलीकडच्या त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. तिथल्या बायकांना आपल्या घरचं पाणी असं चव्हाट्यावर आलेलं आवडायचं नाही.

शहर

एप्रिल संपत आला होता. दुष्काळाचं सलग दुसरं वर्ष. छत्रपती संभाजीनगरच्या स्टेशनवर उतरले तेव्हा सकाळीच ऊन चावायला लागलं होतं. गाडीवाले शकीलभाई माझ्याच वयाचे निघाले. ते शहराला औरंगाबाद म्हणत, हॉटेलचा मॅनेजर संभाजीनगर म्हणे, आणि दोघांचं एकमेकांवाचून काही अडत नव्हतं. हॉटेलात एका माणसाला एक बादली, असा नियम होता. नळाला पाणी कधी येतं, असं विचारलं तर मॅनेजरनं वर छताकडे बोट दाखवलं. छतावरच्या टाकीकडे की त्याच्याही वर, ते मी विचारलं नाही.

आणि तरी शहर वाढतच होतं. जिकडे पाहावं तिकडे क्रेन, सळया, हिरव्या जाळ्यांत गुंडाळलेल्या इमारती. प्यायला पाणी नाही त्या गावात एवढी माणसं राहायला येतात तरी कशाला, असं मी मोठ्यानं म्हणाले. शकीलभाई हसले.

“गाँव में क्या है मॅडम? पानी तो इधर भी नक्को पूछो. लेकिन काम है. पेट कू काम होना.”

संध्याकाळी आमचा सत्कार झाला. एप्रिलातल्या त्या काहिलीत मला शाल पांघरण्यात आली. घामाघूम होऊन मी ती भाषणं संपेपर्यंत अंगावर ठेवली, कारण काढली तर देणाऱ्याला वाईट वाटेल. भाषणं चार झाली. खेळातून युवक घडतो, युवकातून राष्ट्र घडतं, म्हणून खेळावर केलेला खर्च हा खर्च नसून गुंतवणूक आहे, असं चारही जणांनी सांगितलं. मला ते पटतं. आयुष्यभर मी तेच सांगत आले. पण समोरच्या खुर्च्यांवर एकही युवक नव्हता, आणि सभागृहाशेजारच्या मैदानावर आम्हा पाहुण्यांच्या गाड्या लागल्या होत्या. इतक्या वर्षांत मी असली भाषणं किती ऐकली असतील! पूर्वी चिडायचे, हल्ली नुसती झोप येते.

रात्रीच्या जेवणाला शकीलभाईंनी नान-खलियाच्या दुकानात नेलं. मोठ्या पातेल्यातला मटणाचा पातळ, पिवळसर रस्सा आणि त्यात बुडवायला हातभर पसरलेली नान. आमच्या तांबड्या रश्श्यानं जीभ भाजलेल्या माणसाला तो आधी सौम्य वाटतो, मग दुसरी वाटी मागवावी लागते. दिवसभरात त्या शहरानं मला दिलेली ती एकमेव विनातक्रार गोष्ट.

पाचोड

दुसऱ्या दिवशी पाचोडला बाजार होता. मोसंबीचा मुलूख म्हणून मी हे नाव ऐकलं होतं, म्हणून गाडीतून उतरल्यावर नजर मोसंबीच शोधत होती. मोसंबी दिसली, पण सरपण म्हणून. वाळलेल्या बागा तोडून त्यांची लाकडं मोळ्या बांधून विकायला आणली होती. एका म्हाताऱ्या बाईनं मला मोळी दाखवून सांगितलं, “घ्या बाई, लई गोड झाड व्हतं.” विकायची म्हणून म्हणाली की आठवण म्हणून, ते कळलं नाही. मी काय सांगलीला मोळी नेणार? तरी तिथून पाय निघेना.

कबड्डीचा संघ अशाच एका तोडलेल्या बागेच्या जागेवर खेळत होता. कर्णधार विठ्ठल, विशीतला, एरवी पंक्चरचं दुकान चालवणारा. शिक्षक नाहीच, तोच शिकवतो, तोच खेळतो. सगळ्या पोरांनी तोंडाला फडकी बांधली होती. खेळ सुरू झाला आणि फडकी का, ते कळलं. एक पकड झाली की धुळीचा लोट उठे आणि कोण कोणाच्या अंगावर आहे ते काही दिसेना. कबड्डी म्हणणाऱ्याचा दम फडक्याच्या आतच अडकायचा. तरी पोरं जिवावर उदार होऊन खेळत होती.

“मॅडम, माती भुसभुशीत झालीया,” विठ्ठल गुडघ्याचं रक्त मातीनंच पुसत म्हणाला. “पाणी मारलं तर बसंल. पण प्यायलाच नाय, तर मातीला कुठून पाजायचं? आमच्याकडं दाखवण्यासारखं काहीच नाय. हाय ते हे असं हाय.”

लपवाछपवी नाही, हार-तुरे नाहीत. मला तो मुलगा फार आवडला. समीर बराच वेळ त्याच्याशी बोलत उभा राहिला.

आमच्या सांगलीत मैदान बंद पडतं ते पुरानं. नदी आत येते, चिखल करून जाते, आणि आम्ही कुरकुरत पंधरवडाभर वाट बघतो. एरवी रोज संध्याकाळी शिपाई नळी घेऊन मैदान भिजवतो. त्या नळीकडे मी कधी लक्ष देऊन पाहिलं नव्हतं.

पिशोरच्या पलीकडे

तिसऱ्या दिवशी आम्ही दोन गाड्यांनी निघालो. समीरला संध्याकाळचं विमान गाठायचं होतं, म्हणून त्यानं स्वतःची वेगळी केली. फुलंब्री मागे पडल्यावर डोंगर दिसू लागले, सगळे करपलेले. पिशोरला चहा घेतला आणि तिथून आत वळलो.

गावाबाहेर शाळा आणि शाळेमागं मैदान. मी गाडीतून उतरले आणि थबकले. मैदान ओलं होतं. एकसारखं पाणी मारलेलं, गच्च बसलेलं, काळंभोर. मातीचा वास सुटला होता. इतके दिवस धूळ खाल्लेल्या माझ्या जिवाला काय बरं वाटलं म्हणून सांगू! खो-खोच्या मुलीला ओल्या मैदानाची किंमत विचारावी. रांगेत उकिडवं बसलं की तोंड जमिनीच्या जवळ असतं, सगळी धूळ नाका-डोळ्यांत जाते. आणि खांबाशी सूर मारायचा तर कोरडी जमीन कोपराची सालटी काढते.

निकम सरांनी मुलींना उभं केलं. सर पस्तिशीचे, शिडशिडीत, शाळेत खेळाचं पदच नसल्यामुळे तासिकेवर राबणारे. त्यांच्या मुली खेळल्या आणि मी वही मिटून ठेवली. असा खेळ मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. खो देताना आरडाओरडा नाही, उठताना घाई नाही. कोमल नावाची कर्णधार, नुकतीच दहावीची परीक्षा दिलेली, पळणारीला बरोबर खांबाकडे रेटत न्यायची आणि शेवटच्या क्षणी अंग झोकून तिचा पाय टिपायची. माती तिला झेलून घ्यायची. मी टाळ्या वाजवत उभी राहिले, तेव्हा गुडघे दुखतात हे विसरून गेले होते.

“पाणी कुठून आणता सर?” मी विचारलं.

“व्हतंय मॅडम. जमवतो,” सर म्हणाले आणि दुसरीकडे पाहू लागले.

समीरनं मैदानाचे फोटो काढले. मग मला बाजूला घेतलं. “मॅडम, खेळ इथला सरस आहे, मान्य. पण मैदान भिजवायला पाणी आहे म्हणजे गावाचं बरं चाललंय. शिक्षक आहे, मैदान आहे. पाचोडच्या मुलांकडे यातलं काहीच नाही. जिथं गरज जास्त, तिथं जायचं, असं आपलं ठरलंय. मी पाचोड म्हणतो. तुमचं मत?”

मला खोडून काढता येईना. विठ्ठलचा गुडघा डोळ्यांसमोर होता आणि पायाखाली ओली माती होती. मी हो म्हटलं. गावाला मुंबईहून कळवू, असं ठरलं आणि समीर विमानाला गेला.

त्याची गाडी दिसेनाशी झाली आणि आमची सुरूच होईना. रेडिएटरचा पाइप फुटला होता. पिशोरचा मेकॅनिक फोनवर म्हणाला, उद्या सकाळी येतो. शकीलभाई गाडीशेजारी मान खाली घालून उभे राहिले. “पाइप का कुछ नहीं मॅडम, पर रेडिएटर में डालने कू पानी होना. इन लोगां से पानी कैसा माँगूँ?” शेवटी दुकानातून बाटल्या घेऊ असं ठरलं. आणि ज्या गावाला मी नुकतंच नाही म्हटलं होतं, त्याच गावात मला मुक्काम करावा लागला. त्यांना अजून काहीच माहीत नव्हतं. पाहुण्या बाई आपणहून राहिल्या, म्हणजे काम झालंच, असं सगळ्यांनी धरलं.

कोमलच्या घरी माझी सोय झाली. तिची आई कांताबाई, चाळिशीची, हसरी आणि बोलघेवडी. घरात शिरल्यावर पाणी मिळेल म्हणून मी वाट पाहत बसले, कारण कुठल्याही घरात ते आधी येतं. बऱ्याच वेळानं कोमल शेजारून तांब्या घेऊन आली. चहाला आणखी उशीर झाला. मला वाटलं, बाईचा कामाचा उरक कमी दिसतो. जेवायला ज्वारीची भाकरी, ठेचा आणि येसरची आमटी होती. भाजलेली धान्यं आणि मसाला दळून ठेवतात, तेच हे येसर. भाजी नसली तरी आमटी उकळता येते. आमच्याकडचा कांदा-लसूण मसाला याच्यापुढे पोरकट वाटावा. ताटं मात्र पत्रावळीची. आमच्याकडे पत्रावळ निघाली म्हणजे घरात लग्नकार्य. इथं भांडी घासायला पाणी नाही म्हणून रोजच पत्रावळ.

निकम सर जेवायला आले होते. त्यांनी आपण होऊनच सांगितलं. शहराजवळच्या एका नव्या मोठ्या वसाहतीत सुरक्षारक्षकाची नोकरी त्यांना लागत होती. पगार पक्का. होकार देऊन हजर व्हायचा शेवटचा दिवस उद्याचा होता.

“दोन वर्षं ओढली मॅडम. घरच्यांनी लई सांभाळून घेतलं. आता तुमची योजना आली तर नाय म्हणून सांगतो त्यांना. पोरी येत्या हंगामात विभागापर्यंत जातील, लिहून देतो.”

कांताबाई म्हणाली, “आता तर बाई ऱ्हायल्या हायेत. म्हंजी झालंच की.”

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण कोमल माझ्या पत्रावळीत तूप वाढत होती. मी म्हटलं, सकाळी बोलू.

सकाळी

कांताबाईनं परसात साड्यांचा आडोसा केला, आत बाज टाकली आणि बाजेखाली मोठं घमेलं सरकवलं. “बाजंवर बसून अंघूळ करायची बाई. पाणी खाली पडतं, वाया जात नाय.” तिनं तांब्याभर कमी अशी अर्धी बादली ठेवली. आणि बाहेरून ओरडली, “साबण बेतानं लावा हां! लई फेस झाला तर पोरी घसरत्यात.”

मी बाजेवर साबण हातात धरून बसून राहिले. “कोण घसरतं?”

“आमच्या पोरी. मैदानावर. हे पाणी मैदानाला जातंय ना.”

साडीच्या आडोशापलीकडून तिनं मला सगळं सांगितलं, अगदी सहज, चहाची कृती सांगावी तसं. घराघरांत अशीच बाजेवर अंघोळ. खालचं पाणी एरवी गुरांच्या गोठ्यात नाहीतर परड्यातल्या लिंबाला जायचं. निकम सरांनी पोरींच्या आयांना एकत्र बसवून ते मैदानासाठी मागून घेतलं. तेव्हापासून रोज सकाळी प्रत्येक मुलगी घरच्या अंघोळीच्या पाण्याची बादली घेऊन येते, आधी मैदानावर शिंपते आणि मग खेळते. मैदानाला साबणाचा वास येतो. बाहेरगावचे संघ हसतात, परटाचा घाट म्हणतात.

“मग काल? काल तर वास नव्हता.”

“काल टँकरचं व्हतं ना बाई!” कांताबाईचा आवाज अभिमानानं चढला. “मुंबईचा मानूस येणार, त्याच्या नाकाला वास कशापायी? समद्या बायांनी एकेक हंडा दिला. प्यायचं पाणी. सर नको म्हणत व्हते, आमीच ऐकलं नाय. पाव्हण्याला कुणी अंघुळीचं पाणी दाखवतंय का?”

म्हणून तांब्या शेजारून आला होता. म्हणून चहाला उशीर झाला होता. मी त्या बाजेवर बसून रडले. कोरडं रडले म्हणायला हवं, कारण अंगावर पाणी घ्यायचं धाडस होईना. ज्या एका गोष्टीसाठी या गावाला डोळे झाकून मदत द्यावी, तीच गोष्ट त्यांनी पाहुण्याच्या मानापायी लपवली होती. आणि ती लपवायला स्वतःच्या तोंडचं पाणी ओतलं होतं. त्या पाण्याकडे बोट दाखवून आम्ही त्यांना नाही म्हटलं होतं.

मी अंघोळ न करताच बाहेर आले आणि समीरला फोन लावला. त्यानं सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, “मॅडम, पाचोडला अजून कळवलेलं नाही. बदलता येईल. तुम्ही सांगाल ते करतो. पाचोड काढू का?”

“दोन्ही घेता येणार नाहीत?”

“मी काल रात्रीच विचारून पाहिलं होतं. एकच. काढू का पाचोड?”

मला वाटलं होतं, तो वाद घालेल. वाद घातला असता तर मी भांडले असते, भांडणात मी हरत नाही. पण त्यानं निर्णय माझ्या हातात दिला. इकडे कोमल, तिकडे विठ्ठल. इकडच्यांना शिक्षक आहे, मैदान आहे, या असल्या आया आहेत. तिकडे वाळलेली बाग आणि एक पंक्चरवाला. गरज जास्त कुणाची, या प्रश्नाचं उत्तर कालही पाचोड होतं आणि आजही पाचोडच होतं. फक्त काल मी ते हलक्या मनानं दिलं होतं.

“नको,” मी म्हटलं. “राहू दे पाचोड.”

आयुष्यात पुष्कळ निवड समित्यांवर बसले. कोणाला घेतलं ते लक्षात राहत नाही. ज्यांना वगळलं त्यांचे चेहरे मात्र जात नाहीत, आणि आता त्यात भर नको असं वाटतं.

मी सरळ मैदानावर गेले. मुली बादल्या घेऊन आल्या होत्या, पाणी शिंपून झालं होतं. आज खरंच साबणाचा वास होता, लहान मुलाला न्हाऊ घातल्यावर घरभर सुटतो तसा. मी सरांना, मुलींना आणि मागोमाग आलेल्या कांताबाईला एकत्र उभं केलं आणि सांगून टाकलं. योजना पाचोडला गेली. का गेली, तेही सांगितलं. न सांगता निघाले असते तर त्यांना वाटलं असतं, आपला खेळ कमी पडला.

कोमलनं विचारलं, “म्हंजी मॅडम, वास आला असता तर चाललं असतं का?”

“हो,” मी म्हटलं. “बहुतेक चाललं असतं.” नंतर फोनवर काय झालं, तेही मग मी सांगितलं. सकाळी माझ्या हातात होतं आणि मी नको म्हटलं.

कांताबाई एकदम हसायला लागली. हसता हसता खाली बसली, पदर तोंडात घातला. “आमच्याकडं पाणी हाय! ऐका गं बायांनो, आमच्याकडं पाणी हाय!” मग हसणं कधी थांबलं आणि डोळे कधी पुसले, कळलं नाही. ती माझ्यावर रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

“त्या पोरांना तरी मिळालं,” ती शेवटी म्हणाली. “आमी पाणी देऊ बाई मैदानाला, रोज देऊ. पण सर कुठून आणायचे?”

निकम सर खांबाशी उभे होते. त्यांनी मुलींना रांगेत बसायला सांगितलं आणि रोजच्यासारखा पूर्ण सराव घेतला. कोणाचा पाय रेषेवर पडतो, कोण उठताना हात टेकते, एकेकीला सांगत होते. कोमलला खांबावरचा सूर पुन्हा पुन्हा मारायला लावला. ती उठायची, कपडे झटकायची, परत मारायची. मी कडेला बसून बघत होते. मेकॅनिक येऊन पाइप बदलून गेला होता आणि शकीलभाईंनी दुकानातलं बाटलीबंद पाणी रेडिएटरला पाजलं होतं.

सराव संपल्यावर सर माझ्याकडे आले. “मॅडम, गाडी मोकळीच चाललीया शहराकडं. मला घेताल का? आजच हजर व्हायला सांगितलंय त्यांनी.”

मी मान हलवली. दुसरं काय करणार होते? सर घरी जाऊन एक बॅग घेऊन आले. भरलेलीच होती.

परत शहराकडं

मुली गाडीपर्यंत आल्या. रडारड झाली नाही. कोमलनं खिडकीतून विचारलं, “सर, उद्या कोण घेईल सराव?”

“तूच घे की.”

“माझं चुकलं तर?”

गाडी निघाली. ज्या गाडीतून मदत येणार म्हणून गावानं हंडे रिते केले, त्याच गाडीतून मी त्यांचा शिक्षक घेऊन चालले होते. मला स्वतःची लाज वाटली, आणि कुठं काय वेगळं करायला हवं होतं तेही सापडेना. सर पुढच्या सीटवर शकीलभाईंशी पाऊसपाण्याचं बोलत होते.

शहराच्या अलीकडंच ती वसाहत होती. मोठी कमान, पहारेकऱ्याची खोली आणि आत उंच इमारतींच्या मधोमध हिरवळ. माळी जाड नळीनं तिला पाणी देत होता. पाणी वाहून रस्त्यावर येत होतं. शकीलभाईंनी गाडी त्या ओलाव्याच्या अलीकडेच थांबवली.

सर खोलीत जाऊन आले. त्यांच्या हातात निळी टोपी होती. निरोप घ्यायला खिडकीशी वाकले, तेव्हा मी विचारलं, “काम काय दिलंय?”

त्यांनी एकदा मागं त्या हिरवळीकडं पाहिलं.

“सोपं हाय मॅडम,” ते म्हणाले. “लॉनवर पोरं खेळायला आली, की हाकलायची.”